जुन्या अमेरिकन मोटारींचा छंद आणि ‘मूळ स्वरूपा’चा प्रश्न

प्रस्तावना

नाशिक शहरातील द्वारका चौकात मुंबई-आग्रा महामार्ग व नाशिक-पुणे मार्ग एकमेकांस मिळतात. आज तेथे वरून उड्डाणपूल गेला आहे आणि खाली वाहनांची गर्दी अखंड असते. मोटार ही वस्तू मुंबईच्या गोदीतून निघून घाट चढून उत्तर महाराष्ट्रात, पुढे माळव्यात ज्या रस्त्याने पसरली, तो हा रस्ता होय. एखाद्या रविवारी या वाहतुकीत जुनी शेवरलेट किंवा डॉज मध्येच दिसली, तर दुचाकीस्वार थांबतात, मोबाइल काढतात व ‘ही कोणत्या साली बनली?’ असे विचारतात. प्रश्न साधा दिसतो. परंतु या गाडीतील नेमका कोणता भाग त्या साली बनला, असे विचारले तर बहुतेक मालकांची पंचाईत होते. प्रस्तुत लेखात जुन्या अमेरिकन मोटारी बाळगण्याच्या व मिरविण्याच्या छंदाचा विचार या अडचणीच्या अंगाने केला आहे. २०२१ मध्ये केंद्र शासनाने केलेल्या नियमांमुळे ही अडचण आता केवळ हौशी मंडळींच्या वादाचा विषय राहिलेली नाही.

अमेरिकन गाडी महाराष्ट्रात कशी आली

इंग्रजांचे राज्य असतानाही आपल्याकडे अमेरिकन गाड्या इतक्या कशा, असा प्रश्न नव्या अभ्यासकाला पडतो. त्याचे उत्तर रस्त्यात आहे. इंग्लंडमधील छोट्या गाड्या तेथील डांबरी रस्त्यांसाठी व अश्वशक्तीवरील कराच्या हिशेबाने घडविलेल्या होत्या. अमेरिकन गाडी मात्र चिखलाच्या, खाचखळग्यांच्या ग्रामीण रस्त्यांसाठी बनलेली. तिचा तळ जमिनीपासून उंच, इंजिन मोठे आणि यंत्ररचना सोपी असे. १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटींहून अधिक संख्येने निघालेली फोर्डची मॉडेल टी हे याचे ठळक उदाहरण. तिच्यात पेट्रोलचा पंप नव्हता. टाकीतले पेट्रोल केवळ उतारामुळे इंजिनापर्यंत येई. त्यामुळे टाकीत पेट्रोल कमी असेल आणि चढ उभा असेल, तर गाडी वळवून मागच्या गिअरमध्ये चढवावी लागे. कसाऱ्याच्या घाटासारख्या चढावर चालकाला हे ज्ञान केवढ्या उपयोगाचे, ते सांगणे नलगे.

फोर्ड कंपनीची भारतीय शाखा १९२६ मध्ये स्थापन झाली, पण ती अमेरिकेतील मूळ कंपनीची नव्हे, तर कॅनडातील फोर्डची उपकंपनी होती. ब्रिटिश साम्राज्यातील देशांना परस्परांच्या मालावर जकातीत सवलत मिळे. शिवाय उजव्या हाताला सुकाणूचक्र असलेल्या गाड्या कॅनडात तयार होत. म्हणून आपण ज्यांना अमेरिकन म्हणतो, त्यांपैकी अनेक गाड्या जन्माने कॅनेडियन आहेत. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडी येथे जुळणीचा कारखाना सुरू केला. सुट्या भागांच्या पेट्या जहाजाने येत आणि मुंबईचे कामगार त्यांतून शेवरलेट उभी करीत.

तिसरी अमेरिकन कंपनी क्रायस्लर. तिच्या आगमनाला राष्ट्रीय चळवळीची पार्श्वभूमी आहे. भारतात मोटारींचा कारखाना काढावा, ही योजना १९३० च्या दशकात सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी हिरिरीने मांडली. (१८८४ मध्ये मुंबई प्रांताच्या बांधकाम खात्यात रुजू होताना त्यांची पहिली नेमणूक नाशिकला झाली होती, हा योगायोग येथील वाचकांना सांगितलाच पाहिजे.) सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी ती योजना उचलून क्रायस्लरशी करार केला. युद्धकाळात सरकारने तिला साहाय्य केले नाही. अखेर १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी स्थापन झाली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज, प्लिमथ व डिसोटो या नावांची वाहने बाहेर पडू लागली. या तिन्ही नावांच्या मोटारी पुष्कळ अंशी एकच होत्या. दर्शनी जाळी, चिन्हे व किरकोळ सजावट यांत तेवढा फरक असे. संग्राहकांच्या मेळाव्यात आजही डॉज किंग्जवे व डिसोटो डिप्लोमॅट यांच्या मालकांत श्रेष्ठत्वाचा वाद रंगतो. तो ऐकताना ही गोष्ट लक्षात ठेवलेली बरी.

१९५३ मध्ये टॅरिफ कमिशनच्या शिफारशींनुसार शासनाने धोरण ठरविले, की ज्यांच्याकडे येथेच उत्पादन करण्याचा कार्यक्रम नाही, त्यांनी केवळ जुळणीचे काम आवरते घ्यावे. फोर्ड व जनरल मोटर्स यांनी गाशा गुंडाळला. आयातीवरील निर्बंधांमुळे नव्या अमेरिकन गाड्यांची वाट जवळजवळ बंद झाली. आपल्या विषयाच्या दृष्टीने हे वर्ष निर्णायक आहे. अमेरिकेत गाडी जुनी झाली की भंगारात जाई, कारण नवी सहज मिळे. येथे गाडी जुनी झाली तरी चालत राहणे भाग होते.

मिस्त्रीची कामगिरी

गाडी चालू ठेवण्याचे हे काम मिस्त्रीने केले. त्याचा तपशील पाहिल्याशिवाय ‘मूळ स्वरूप’ या शब्दांचा अर्थ लागत नाही.

१९२९ पासूनच्या सहा सिलिंडरच्या शेवरलेटचे उदाहरण घेऊ. तिच्या कनेक्टिंग रॉडमध्ये आज वापरतात तसे पातळ, बदलता येणारे बेअरिंग नव्हते. कथिलप्रधान मऊ मिश्रधातू, ज्याला कारागीर ‘व्हाइट मेटल’ म्हणतात, तो वितळवून रॉडमध्ये ओतावा लागे. मग तो लेथवर कापून, हाताने खरवडून क्रँकच्या मापाचा करीत. तेलही दाबाने पोहोचविले जात नसे. रॉडच्या टोकाची पळी तेलात बुडून ते उडवी. अशा इंजिनाला सलग वेगाने पळविले तर बेअरिंग वितळते. ओतकाम करणारा कारागीर हयात होता तोवर ही गाडी अमर होती. तो गेल्यावर मालकांपुढे दोनच वाटा उरल्या. एक म्हणजे परदेशातून भाग मागविणे, दुसरी म्हणजे दुसऱ्या गाडीचे इंजिन बसविणे. परकीय चलनाच्या टंचाईच्या काळात पहिली वाट फार थोड्यांना खुली होती.

बॉडीची कथा निराळी. १९३० च्या दशकाच्या मध्यापर्यंत जनरल मोटर्सच्या गाड्यांचा पत्रा लाकडी सांगाड्यावर ठोकलेला असे. अखंड पोलादी टप १९३५ पासून आला. कोकणपट्टीच्या दमट हवेत व घाटावरच्या पावसात ते परदेशी लाकूड कुजले, की आपला सुतार सागवानाचे तुकडे साधून तोच आकार उभा करी. हे लाकूड टिके. ही दुरुस्ती मूळ रचनेपेक्षा टिकाऊ निघाली, असे म्हणण्यास हरकत नाही.

वीजपुरवठा हा आणखी एक डोकेदुखीचा भाग. १९५० च्या दशकाच्या मध्यापर्यंत बहुतेक अमेरिकन गाड्यांत सहा व्होल्टची बॅटरी होती. फोर्ड व क्रायस्लरच्या गाड्यांत तर धन टोक चेसिसला जोडलेले असे. आजच्या सवयीने ऋण टोक जोडणारा तरुण इलेक्ट्रिशियन येथे हमखास चुकतो. त्यातून सुटका म्हणून अनेकांनी सरळ बारा व्होल्टची जोडणी करून घेतली. नट-बोल्टांचे आटे इंचांत असल्याने मिलिमीटरचे पाने चालत नाहीत, आणि चुकीचा पाना लावून गोल झालेले नट हे जुन्या गाड्यांत नेहमी आढळणारे दृश्य आहे.

रंगाच्या बाबतीत भाषेनेच इतिहास जपला आहे. १९२० च्या दशकात ड्युपाँट कंपनीने ‘ड्युको’ नावाचा लवकर वाळणारा रंग बाजारात आणला. त्याआधी मोटारीवर रंगाचे हात देऊन वाळविण्यात आठवडे जात. मूळ ड्युको कधीच मागे पडला, परंतु आपल्याकडील गॅरेजांत फवाऱ्याने दिलेल्या कोणत्याही रंगाला ‘ड्युको’च म्हणतात.

१९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोल न परवडणाऱ्या मालकांनी मोठ्या गाड्यांत डिझेल इंजिने बसविली. युद्धोत्तर लिलावातील आणि पुढे महिंद्राने जुळविलेल्या विलीज जीपगाड्यांचेही तेच झाले. देवळालीसारख्या लष्करी ठाण्याच्या शेजारी राहणाऱ्या नाशिककरांना जीप काही नवी नव्हती. पण शेतमाल, माणसे व पाण्याची पिंपे वाहून तिची जी रूपांतरे झाली, त्यांना कारखान्याच्या पुस्तकात जागा नाही.

छंदाचे स्वरूप

जुनी मोटार जपण्याची हौस संघटित झाली ती प्रथम अमेरिकेत. तेथील प्राचीन मोटारींचा मोठा क्लब १९३५ चा, आणि कॅलिफोर्नियातील पेबल बीचचे प्रसिद्ध प्रदर्शन १९५० पासूनचे. भारतात स्टेट्समन वृत्तपत्राची रॅली दिल्लीत १९६४ मध्ये सुरू झाली. मुंबईत १९१९ पासूनची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशन आणि व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडिया यांनी ही परंपरा जोपासली. मुंबईचे प्राणलाल भोगीलाल यांचा अहमदाबादजवळील कठवाडा येथे उभा राहिलेला संग्रह देशातील मोठ्या संग्रहांत गणला जातो. संग्राहकांच्या परिभाषेत १९१९ ते १९३० मधील गाडी ‘व्हिंटेज’ होय. बोलण्यात मात्र आपण १९५७ च्या गाडीलाही तेच म्हणतो.

प्रदर्शनात परीक्षक ठरलेल्या गुणांतून वजावट करीत जातात. १९२५ च्या रेडिएटरला निकेलचा मुलामा हवा. क्रोमची झळाळी मोटारींवर १९२० च्या दशकाच्या अखेरीस आली. तेव्हा हौसेने चकचकीत क्रोम चढविणारा मालक आपल्याच पैशाने गुण गमावतो. या शिस्तीत ज्ञान आहे, हे मान्य केले पाहिजे. पण तीत एक मुग्धताही आहे. गाडी कारखान्यातून निघाली त्या सकाळी जशी होती, तशीच ती राहावी, अशी ही अपेक्षा असते. याउलट कोल्हापूरच्या दसऱ्यात छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक निघते, तेव्हा तिचे गुण कोणी मोजत नाही. ती जर्मन असली तरी येथे मुद्दाम आठवते, कारण तेथे गाडी समारंभात आपले काम करीत असते.

२०२१ चे नियम

जुनी वाहने मोडीत काढण्याचे धोरण २०२१ मध्ये जाहीर झाल्यावर संग्राहकांत चिंता पसरली. त्याच वर्षी जुलैमध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून व्हिंटेज वाहनांची वेगळी नोंदणी सुरू झाली. प्रथम नोंदणीपासून पन्नास वर्षांहून अधिक काळ झालेले, खाजगी वापराचे दुचाकी वा चारचाकी वाहन यासाठी पात्र ठरते. ज्यांची नोंदणी आधीच आहे, त्यांना जुना क्रमांक ठेवता येतो. नव्याने नोंदणी करणाऱ्यास राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ ही अक्षरे असलेला क्रमांक मिळतो. त्यासाठी वीस हजार रुपये शुल्क असून नोंदणी दहा वर्षे चालते. गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे व दुरुस्ती एवढ्याच कारणांची मुभा आहे.

कळीची अट पुढेच आहे. वाहन मूळ स्वरूपात जपलेले असावे, आणि चेसिस, बॉडीचा सांगाडा किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा. ही अट अक्षरशः लावली, तर सागवानी सांगाड्याची शेवरलेट आणि डिझेल इंजिनाची डॉज यांचे काय? ज्या फेरबदलामुळे गाडी भंगारात गेली नाही, तोच तिला अपात्र ठरवितो. ज्याच्या आजोबांनी गाडी गोदामात बंद ठेवली, त्याचा वारसा मान्य होतो. ज्याने ती तीस वर्षे टॅक्सी म्हणून चालविली आणि दोनदा इंजिन बदलले, त्याचा होत नाही.

जागतिक पातळीवर विचार याच्या पुढे गेला आहे. ऐतिहासिक वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ मध्ये ट्यूरिन सनद स्वीकारली. वास्तुसंवर्धनाच्या १९६४ च्या व्हेनिस सनदेचा आदर्श तीपुढे होता. वाहनाच्या आयुष्यात वेळोवेळी झालेले बदल हेही त्याच्या इतिहासाचेच साक्षीदार आहेत, ही दृष्टी तीत आहे. अर्थात याचा अर्थ गेल्या वर्षी जुन्या चेसिसवर आधुनिक इंजिन ठेवणाऱ्यालाही सवलत द्यावी, असा नव्हे. वापराच्या काळातील गरजेचा बदल आणि प्रदर्शनासाठी केलेला नवा बनाव यांत भेद करणे शक्य आहे, मात्र त्यासाठी पुरावा लागतो. जुन्या नोंदणीपुस्तकातील इंजिन क्रमांकाची दुरुस्ती, गॅरेजची बिले, लग्नातील छायाचित्रे हा तो पुरावा होय, आणि मालक नेमका तोच कचरा समजून टाकून देतात. तपासणी करणाऱ्या राज्यस्तरीय समितीपुढे असे कागद कोणी ठेवलेच नाहीत, तर तिला तरी दोष कसा द्यावा?

दरम्यान दुसरे संकट पेट्रोलपंपावर उभे आहे. २०२५ पर्यंत देशातील पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचा टप्पा गाठला गेला. महाराष्ट्रातील ऊसउत्पादकांना त्याचा लाभ आहेच. पण मॉडेल टीसारख्या गाड्यांच्या कार्बोरेटरमधील तरंगी बुचाची असे आणि जुने कारागीर तिला लाखेचा लेप देत. लाख मद्यार्कात विरघळते. मग बूच पेट्रोल शोषून जड होते, कार्बोरेटर ओसंडतो आणि गाडी भर चौकात बंद पडते. यावर उपाय म्हणजे इथेनॉलला न जुमानणाऱ्या पदार्थाची किंवा पितळी तरंगी बसविणे. म्हणजे पुन्हा एक बदल, आणि तो करणाऱ्याने काढलेली जुनी तरंगी डबीत घालून, तारीख लिहून गाडीतच ठेवावी.