छापून आल्यानंतरची कादंबरी

शिरूर तालुक्यातल्या वढू बुद्रुकला छत्रपती संभाजी महाराजांची समाधी आहे. दौंड तालुक्याच्या कडेने वाहणाऱ्या भीमेच्या पलीकडच्या काठावर पेडगावचा बहादूरगड आहे. १६८९ मध्ये कैद झालेल्या महाराजांना औरंगजेबापुढे आणलं गेलं, ते तिथेच. महाराजांच्या अखेरच्या दिवसांचं जे चित्र आज मराठी वाचकाच्या मनात आहे, त्यात शिवाजी सावंतांच्या ‘छावा’ या कादंबरीचा वाटा मोठा आहे. ती १९७९ मध्ये प्रसिद्ध झाली. सावंत २००२ मध्ये गेले. तिच्यावर आधारलेला हिंदी चित्रपट आला तो फेब्रुवारी २०२५ मध्ये, म्हणजे पुस्तक निघाल्यावर ४५ वर्षांहून अधिक काळाने आणि लेखकाच्या निधनानंतर २२ वर्षांनी. कादंबरीचं आयुष्य असं असतं. ते लेखकाच्या आयुष्यापेक्षा लांब असू शकतं, आणि त्यातल्या फार थोड्या गोष्टी लेखकाच्या हातात असतात. आपल्याकडे मात्र कादंबरी छापून येणं हाच लेखकाच्या धडपडीचा शेवट समजला जातो. प्रकाशन समारंभ झाला, शाल-श्रीफळ मिळालं, वर्तमानपत्रात फोटो आला की लेखक ‘झाला’. प्रत्यक्षात लेखकाची खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते आणि तिची तयारी कुणी करून घेत नाही. शिरूर-दौंडसारख्या तालुक्यांत नोकरी, शेती सांभाळून पहिली कादंबरी लिहिणाऱ्यांना हे आधीच सांगायला हवं.

सुरुवात पैशापासून करू. चारशे रुपये किमतीची कादंबरी, हजार प्रतींची आवृत्ती आणि छापील किमतीवर दहा टक्के रॉयल्टी, असा हिशेब धरला तर सगळ्या प्रती खपल्यावर लेखकाला चाळीस हजार रुपये मिळतात. ही आवृत्ती संपायला तीन वर्षं लागली, तर महिन्याला अकराशे रुपये पडतात. लिहिण्यात गेलेली वर्षं यात धरलेलीच नाहीत. म्हणूनच मराठीतले बहुतेक मोठे कादंबरीकार नोकरी करत लिहीत आले. श्री. ना. पेंडसे मुंबईत ‘बेस्ट’मध्ये होते, व्यंकटेश माडगूळकर पुण्याच्या आकाशवाणीत होते, आनंद यादव विद्यापीठात शिकवत होते. खुद्द सावंतांची ‘मृत्युंजय’ १९६७ मध्ये आली आणि अफाट गाजली. तरी ते १९७४ पर्यंत कोल्हापुरात शाळेत शिकवत होते, नंतर पुण्यात शिक्षण खात्याच्या ‘लोकशिक्षण’ मासिकाचं काम पाहत होते. स्वेच्छानिवृत्ती घेऊन पूर्ण वेळ लेखनाला देणं त्यांना १९८३ मध्ये जमलं. मराठीतल्या सर्वाधिक लोकप्रिय कादंबऱ्यांपैकी एक नावावर असताना सोळा वर्षं नोकरी करावी लागली, तर पहिल्याच पुस्तकाच्या भरवशावर नोकरी सोडणाऱ्याचं काय होईल, हे वेगळं सांगायला नको.

यावर कुणी म्हणेल, भरपूर लिहा, लोकांना आवडेल असं लिहा, मग पोट भरेल. याला अण्णा भाऊ साठ्यांचं आयुष्य उत्तर देतं. त्यांनी तीसहून अधिक कादंबऱ्या लिहिल्या. ‘फकिरा’ला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. त्यांच्या अनेक कथानकांवर चित्रपट निघाले, त्यांचं लेखन परदेशी भाषांत गेलं. तरीही त्यांचं बरंचसं आयुष्य घाटकोपरच्या चिरागनगर झोपडपट्टीत गेलं आणि १९६९ मध्ये ते हलाखीतच वारले. २००२ मध्ये त्यांच्यावर टपाल तिकीट निघालं. वाचक होते, कीर्ती होती, लेखनाचा झपाटाही होता. पण कीर्तीचं रूपांतर नियमित उत्पन्नात करणारी व्यवस्था नव्हती. नोकरीतून लेखकाला अनुभव मिळतो हे खरं आहे. पण नोकरी वेळही खाते आणि कादंबरीला सगळ्यात जास्त लागतो तो वेळच. तेव्हा नोकरी टिकवावी, पण तिच्यामुळे लेखकाचा हिशेब चुकता झाला असं प्रकाशकाने आणि वाचकाने मानू नये.

दुसरं वास्तव विक्रीचं आहे. पुस्तक लोकांपर्यंत नेण्याचं काम आता बरंचसं लेखकावरच येतं. शाळा-महाविद्यालयांत बोलणं, वाचक-मेळावे, समाजमाध्यमं, प्रदर्शनातल्या दालनात उभं राहणं हे सगळं त्यालाच करावं लागतं. लेखकाने विक्रेता व्हावं का, त्याने सरस्वतीचा बाजार मांडू नये, असा आक्षेप यावर नेहमी घेतला जातो. पण दौंड तालुक्यातलंच एक नाव या आक्षेपाला पुरून उरतं. केडगावला मुक्ती मिशन उभारणाऱ्या पंडिता रमाबाईंनी १८८७ मध्ये अमेरिकेत उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केलं. त्याच्या हजारो प्रती खपवून आणि गावोगाव व्याख्यानं देऊन त्यांनी विधवांच्या शिक्षणासाठी पैसा उभा केला. १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन निघालं ते त्यातूनच. पुढे केडगावला त्यांनी छापखाना चालवला. तिथे खिळे जुळवण्यापासून बांधणीपर्यंतची कामं बायका करत आणि रमाबाईंनी केलेलं बायबलचं मराठी भाषांतरही तिथेच छापलं गेलं. रमाबाई कादंबरीकार नव्हत्या. पण पुस्तक लिहिणं, छापणं आणि वाचकापर्यंत पोचवणं ही एकाच निष्ठेची कामं आहेत, हे त्यांनी करून दाखवलं. आपलं पुस्तक हाती घेऊन वाचकासमोर जाण्यात कमीपणा कसलाच नाही. अन्याय असेल तर एवढाच, की हे काम लेखकाकडून करून घेतलं जातं आणि त्याचा मोबदला कुठेच धरला जात नाही.

तिसरं वास्तव सगळ्यात अनपेक्षित असतं, ते जबाबदारीचं. कादंबरी ही कल्पित कथा आहे असं लेखक मानतो, पण समाज ती साक्षीपुराव्यासारखी वाचतो. आनंद यादवांची ‘संतसूर्य तुकाराम’ ही कादंबरी वादात सापडली. त्यांनी माफी मागितली, पुस्तक मागे घेतलं. तरी २००९ च्या महाबळेश्वर साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांना सोडावं लागलं. ‘छावा’ चित्रपटाच्या वेळी लेझीमच्या दृश्यावर आक्षेप आला आणि ते वगळलं गेलं. शिर्के घराण्याच्या वंशजांनी गणोजी-कान्होजींच्या चित्रणावर हरकत घेतली, दिग्दर्शकाने दिलगिरी व्यक्त केली. या वादांत मूळ कादंबरीचंही नाव येत राहिलं आणि उत्तर द्यायला लेखक हयात नव्हता. ऐतिहासिक व्यक्तींवर लिहिणाऱ्याने जबाबदारीने लिहावं, ही अपेक्षा रास्तच आहे. साधनं तपासावीत, कल्पना कुठे सुरू होते हे प्रस्तावनेत स्पष्ट सांगावं. पण जबाबदारीची मागणी करणाऱ्या समाजानेही पुस्तक पूर्ण वाचून, लिहून, वाद घालून उत्तर द्यायला हवं. दबावाखाली पुस्तक मागे घ्यायला लावल्याने इतिहास अधिक खरा होत नाही.

पैसा, विक्री आणि जबाबदारी या तिन्ही अडचणींचं मूळ एकच आहे. पुस्तकाचं आयुष्य लांब असतं आणि आपण त्याचा विचार प्रकाशनाच्या दिवसापुरता करतो. कायदा मात्र लांबचा विचार करतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाचा हक्क त्याच्या हयातीत आणि त्यानंतर साठ वर्षं टिकतो. म्हणजे सावंतांच्या पुस्तकांचे हक्क २०६२ च्या अखेरपर्यंत. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर लेखी करार लागतो आणि त्यात रॉयल्टी किंवा मोबदला नमूद करावा लागतो. मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती पाच वर्षांची धरतो. वेगळं काही ठरलेलं नसेल आणि घेतलेले हक्क वर्षभरात वापरले गेले नाहीत, तर ते लेखकाकडे परत येतात. करार झाला तेव्हा जे माध्यम अस्तित्वात किंवा व्यापारी वापरात नव्हतं, त्याचे हक्क स्पष्ट उल्लेख असल्याशिवाय जात नाहीत, अशी तरतूद २०१२ मध्ये झाली. श्राव्य पुस्तकं आणि वेबमालिकांच्या काळात तिचं मोल मोठं आहे. आपल्याकडे प्रकाशकाशी घरोबा असतो, करार मागणं म्हणजे अविश्वास दाखवणं, असं अनेकांना वाटतं. वितरकांचं कमिशन, कागदाचे भाव, न खपलेल्या प्रती यांचा भार प्रकाशकावर असतो, हेही खरं. पण ज्या व्यवहाराचे परिणाम पुढच्या पिढीपर्यंत पोचतात, तो तोंडी ठेवणं दोघांच्याही हिताचं नाही. घरातली जमीन भावाभावांत वाटतानाही आपण सातबारा पाहतोच.

उरतो वाचक. गावाकडे कादंबरी पोचते ती मुख्यतः सार्वजनिक ग्रंथालयातून. महाराष्ट्रात १९६७ पासून ग्रंथालय कायदा आहे आणि शासनमान्य ग्रंथालयांची संख्या हजारोंत आहे. एक प्रत तिथे पन्नास-शंभर जण वाचतात, लेखकाला मात्र रॉयल्टी एकाच प्रतीची मिळते. डेन्मार्कने १९४६ मध्ये आणि ब्रिटनने १९७९ मध्ये कायदा करून ग्रंथालयातल्या वाचनासाठी लेखकाला सरकारी निधीतून मोबदला देण्याची सोय केली. त्यात वाचकाला एक पैसाही द्यावा लागत नाही. भारतात अशी योजना नाही. जिथे ग्रंथालयांचं अनुदानच अपुरं, तिथे लेखकाला कुठून देणार, असा प्रश्न येईल. तो योग्य आहे, म्हणून आधी अनुदान वाढावं आणि त्याचा ठरावीक भाग नव्या मराठी पुस्तकांच्या खरेदीसाठी राखून ठेवावा. जास्त ग्रंथालयांनी जास्त प्रती घेतल्या, तर लेखक, प्रकाशक आणि वाचक तिघांचंही भलं होईल.

तोवर लिहिणाऱ्यांना सांगणं इतकंच: कादंबरी लिहा, पण नोकरी टिकवा. करार वाचूनच सही करा, मुदत आणि माध्यमं लिहून घ्या, घरच्यांना हक्कांची कागदपत्रं कुठे आहेत ते दाखवून ठेवा. आणि वाचणाऱ्यांना विनंती आहे. पुढच्या वेळी आपल्या तालुक्यातल्या लेखकाच्या प्रकाशन समारंभाला जाल, तेव्हा भेट प्रतीची वाट पाहू नका. पुस्तक विकत घ्या.