साहेब फिरायला, बाई ओट्याशी

गेल्या महिन्यात एक निवृत्त शिक्षक मधुमेहाच्या तपासणीसाठी आले होते. चार वर्षांपासूनचे माझे पेशंट. गोळ्या वेळेवर, फिरणे नियमित, साखर आटोक्यात. सोबत नेहमीप्रमाणे पत्नी, रिपोर्टची पिशवी त्यांच्याच हातात. दवाखान्याचा जिना चढून त्यांना धाप लागलेली दिसली, म्हणून म्हटले, "काकू, बसा. तुमचाही बीपी पाहू." १७० वर १०० निघाला. दहा मिनिटे बसवून पुन्हा मोजला, तरी तेवढाच. फिरायला जाता का, असे विचारल्यावर त्या हसल्या. "मले कायले फिराचं डॉक्टरसाहेब? पहाटपासून त उभीच आहो मी!"

हे उत्तर मी रोज ऐकतो. त्यात खोटे काही नाही. झाडणे-पुसणे, पाणी भरणे यात अंग हलतेच, आणि हालचाल कुठलीही असो, ती बसून राहण्यापेक्षा बरी. पण ओट्याशी तासन्‌तास उभे राहिल्याने पाय दुखतात, हृदयाला व्यायाम होत नाही. त्यासाठी नाडीची गती वाढून काही मिनिटे तशीच टिकावी लागते. शिवाय पाळी गेल्यानंतर बाईची हाडे झपाट्याने ठिसूळ होऊ लागतात, रक्तदाब आणि हृदयविकाराचा धोकाही वाढतो. म्हणजे ज्या वयात साहेब बूट घालून फिरायला लागतात, त्याच वयात बाईंनाही फिरण्याची तेवढीच गरज असते.

व्यायाम वऱ्हाडाला नवा नाही. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची सुरुवात १९१४ साली झाली, आणि १९३६ मध्ये बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी इथल्या पथकाने तिकडे जाऊन भारतीय खेळांची प्रात्यक्षिके केली. अडते ते घरात. अकोल्याला बहिणीकडे गेलो की सकाळी कृषी विद्यापीठाच्या बाजूला मी चक्कर मारतो. पुरुषांची टोळकी भरपूर. पन्नाशीच्या बाया त्या मानाने थोड्या. जोडपे दिसलेच तर साहेब दहा पावले पुढे आणि बाई मागून जवळजवळ धावत.

दुसऱ्याला कशाला नावे ठेवायची? मी स्वतः पंधरा वर्षे पहाटे एकटा फिरलो. परत आलो की चहा तयार असायचा. तो तयार करणारीची सकाळ कुठे जाते, हा प्रश्न एम.बी.बी.एस. झालेल्या माणसाला पडला नाही. सौ.चे गुडघे बोलू लागले, वजन वाढलेले निघाले, तेव्हा पडला. आता सकाळचा चहा आणि भाजी चिरणे माझ्याकडे आहे. चहा चांगला होतो, भाजीबद्दल घरात मतभेद आहेत. पण सव्वासहाला आम्ही दोघे दाराबाहेर असतो. "तूही चल ना" असे नुसते म्हणून कुठलीही बाई निघत नाही. डबा, पाणी, दूध यातले काहीतरी तिच्या हातातून काढून घ्यावे लागते.

एकत्र सुरुवात करण्याचा फायदा आकड्यांतही दिसतो. इंग्लंडमधल्या पन्नाशीपुढच्या ३७२२ जोडप्यांचा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. व्यायाम न करणाऱ्या पुरुषांपैकी ज्यांच्या पत्नीने तो सुरू केला, त्यांतले ६७ टक्के स्वतःही करू लागले. जिथे पत्नीने केला नाही, तिथे २६ टक्केच. बायकांचे आकडे ६६ आणि २४. जोडीदार आधीपासून व्यायाम करणारा असेल तर त्याचा एवढा परिणाम होत नाही, दोघांनी बदल केला की जास्त होतो, असेही त्यात आढळले.

मात्र जोडीने चालण्यात एक खोट आहे. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या २०२१ च्या अभ्यासात जोडपी सोबत चालताना दोघांचाही वेग कमी झाला. हातात हात घेतला की आणखी कमी! म्हणून मी सांगतो, निघा सोबत, परत या सोबत, पण मधली वीस-पंचवीस मिनिटे ज्याने त्याने आपल्या वेगाने चालावे. मैदान असेल तर हे सोपे आहे. एकाच्या पाच फेऱ्या होतील, दुसऱ्याच्या सात. बोलता यावे पण गाणे म्हणता येऊ नये, हा योग्य वेग. आठवड्याला १५० मिनिटे व्हावीत, म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास. आठवड्यातून दोन दिवस ताकदीचा व्यायामही हवा: खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठणे, ओट्याला धरून टाचा उचलणे, भिंतीला हात लावून दंड काढणे. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४४-४५ वर जातो, तेव्हा सातच्या आत घरी या.

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याचा जोडीदार सोबत असणे ही मोठीच सोय. साखर ७० च्या खाली घसरली की घाम येतो, हात थरथरतात, माणूस विनाकारण चिडतो, असंबद्ध बोलतो. त्याला स्वतःला ते कळेलच असे नाही, सोबतच्याला कळते. खिशात साखरेची पुडी ठेवा. तीन-चार चमचे लगेच द्या. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, सरळ दवाखाना गाठा. औषध घेऊन उपाशीपोटी निघू नका. डोस आणि फिरण्याची वेळ डॉक्टरांशी बोलून ठरवा.

आमच्याकडच्या एक बाई यजमानांसोबत छत्री तलावाकडे फिरायला जाऊ लागल्या. पंधरा दिवसांनी मला सांगतात, "डॉक्टरसाहेब, हे रोज त्याच चढावर बुटाची नाडी बांधाले थांबते." दुसऱ्या दिवशी यजमानांना बोलावले. खोदून विचारल्यावर कबूल झाले. चढावर छातीत दाटून यायचे, दोन मिनिटे थांबले की मोकळे वाटायचे. गॅस समजून ते तीन महिने सोडा पीत होते. बसल्या बसल्या काढलेला ईसीजी जवळजवळ ठीकच आला, तरी लक्षणांवरून मी त्यांना नागपूरला पाठवले. हृदयाची मुख्य रक्तवाहिनी नव्वद टक्के बंद निघाली. स्टेंट बसला. आता दोघे पुन्हा त्याच रस्त्याने जातात, आणि नाडी घरूनच बाई दुहेरी गाठ मारून देतात.