चित्रांच्या पुस्तकांतून शील-संस्कार

लहान मुलांकडून पंचशील पाठ करून घेणे फारसे अवघड नाही. परंतु न दिलेली वस्तू घेऊ नये, कठोर बोलू नये, हे सहा वर्षांच्या मुलाच्या मनात उतरवायचे कसे? आपल्या पूर्वसूरींनी यासाठी चित्राचा आधार घेतला. भारहूतच्या स्तूपावर दोन हजार वर्षांपूर्वीच जातककथा कोरल्या गेल्या. अजिंठ्याच्या १७ क्रमांकाच्या लेण्यात तर भिंतीच चित्रांच्या पुस्तकासारख्या आहेत.

महाकपी जातक घ्या. आपल्या कळपाला वाचविण्यासाठी वानरराजा स्वतःच्या शरीराचा पूल करतो आणि त्याच्या पाठीवरून सारे वानर नदीपार होतात. भारहूतच्या शिल्पात खाली दोन माणसे कापड ताणून उभी आहेत. ज्याच्या घरची माणसे यंत्रमागावर राबतात त्या भिवंडीच्या मुलाची नजर या कापडावर चटकन जाईल. त्याला एवढेच विचारावे, "हे कापड कशासाठी धरले असेल?" वरून पडणाऱ्याला झेलण्यासाठी, हे त्याने स्वतः ओळखले की करुणेवर वेगळे व्याख्यान देण्याची गरज उरत नाही. गोष्ट संपताच 'तात्पर्य' सांगण्याची आपली सवय मात्र सोडली पाहिजे. तात्पर्य ऐकले की मूल पान मिटते.

पुस्तक निवडताना चित्रेही पारखून घ्यावीत. अनेक चित्रकथांत दुष्ट माणूस काळा आणि सज्जन गोरा रंगविलेला असतो. मजकूर समतेचा आणि चित्र विषमतेचे, असे झाले तर मूल चित्रच लक्षात ठेवते! आपल्या सावळ्या लेकरांनी त्यातून स्वतःविषयी काय समजावे?

याउलट २०११ साली इंग्रजीत प्रसिद्ध झालेले 'भीमायन' पाहण्यासारखे आहे. परधान गोंड चित्रकार दुर्गाबाई व सुभाष व्याम यांनी त्यात परमपूज्य बाबासाहेबांचे जीवन रेखाटले आहे. विखारी बोलणाऱ्याच्या शब्दांना विंचवाची नांगी आहे, तर मृदू बोलणाऱ्याचे शब्द पक्ष्याच्या आकारात आहेत. सम्यक वाचा म्हणजे काय, हे अक्षरओळख नसलेल्या मुलालाही येथे दिसते. मराठी, उर्दू, हिंदी, तेलुगू बोलणारी कुटुंबे शेजारी राहणाऱ्या आपल्या गावात हा लाभ लहान नाही.

मोठ्या मुलांना १९०१ मधील प्रसंग सांगावा. मसूर स्टेशनवर उतरलेल्या बाल भीमरावांना व त्यांच्या सोबतच्या मुलांना गाडीवान मिळेना. अखेर एकजण दुप्पट भाड्याने तयार झाला, पण गाडी मुलांनीच हाकायची, तो पायी चालणार. पैसे घेतले आणि तरी तो गाडीत का बसला नाही? मुलांना विचार करू द्यावा. लगेच उत्तर आले नाही तर घाई करू नये; पुढच्या रविवारी त्याच पानापासून सुरुवात करावी.