फोनचा उजेड पायाखाली ठेवा, डोळ्यांवर नको

पावसाळा लागला की वस्तीतली लाईट कधी जाईल याचा नेम नसतो. विष्णुपुरीचे दरवाजे उघडले, गोदावरी फुगली, की नांदेडच्या नदीकाठच्या वस्त्यांत पाण्याबरोबर अंधारही येतो. लातूरकडच्या वाड्या-तांड्यांवर एका वादळात तार तुटली तरी रात्र अंधारात जाते. पूर्वी अशा वेळी चिमणी किंवा कंदील लागायचा. आता घरातले कोणीतरी फोनचा टॉर्च लावते. रॉकेलच्या चिमणीने भाजण्याचा धोका पाहता ही चांगलीच गोष्ट आहे. पण वस्तीत आरोग्याच्या बैठका घेताना बाया आम्हाला विचारतात : या उजेडाने डोळे जातात का? लेकरांना चालतो का? फोन तापून पेटतो का? त्याची उत्तरे या वेळच्या पानावर देत आहोत.

हा दिवा आहे तरी काय?

फोनच्या पाठीवर कॅमेऱ्याशेजारी जो बारीक दिवा असतो तो एलईडी. फोटो काढताना तो क्षणभर लख्ख चमकतो. टॉर्च म्हणून लावला की फोन त्याला कमी वीज देतो, म्हणून तो बराच वेळ चालतो. त्याचा उजेड पांढरा दिसतो, पण आतला कण निळा प्रकाश देतो आणि वरच्या पिवळ्या लेपामुळे तो पांढरा होतो. निळ्या एलईडीच्या शोधासाठी २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल तीन शास्त्रज्ञांना मिळाले. तोच शोध आज आपल्या पदरात बांधलेल्या फोनमध्ये आहे.

डोळ्यांचे काय?

चुकून क्षणभर उजेड डोळ्यांत गेला तर डोळे जात नाहीत. डोळ्यांपुढे ठिपका दिसतो आणि थोड्या वेळाने जातो. मात्र जवळून टक लावून त्याच्याकडे पाहू नये, आणि गंमत म्हणूनही कोणाच्या डोळ्यांवर मारू नये.

तान्ह्या बाळाची जास्त काळजी घ्या. त्याच्या डोळ्यातले भिंग अगदी स्वच्छ असते, त्यातून निळा प्रकाश जास्त आत जातो. शिवाय त्याला मान वळवून उजेड चुकवता येत नाही. रात्री दूध पाजताना, लंगोट बदलताना टॉर्च भिंतीकडे किंवा छताकडे करा. परतून आलेला उजेड कामापुरता होतो. लेकराचा घसा पाहायचा असेल तर त्याला डोळे मिटायला सांगा आणि पटकन पाहून घ्या.

मोतीबिंदू असलेल्या आजी-आजोबांच्या डोळ्यांत हा उजेड पसरतो आणि समोरचे काहीच दिसेनासे होते. आपला डोळा अंधाराला पुरता सरावायला वीस ते तीस मिनिटे लागतात, आणि ती सवय एका झोताने मोडते. समोरून येणाऱ्याच्या तोंडावर टॉर्च मारला तर तो उघड्या नालीत पडू शकतो. कोणी दिसले की फोन खाली वळवा.

एक खूण लक्षात ठेवा. फ्लॅश लावून काढलेल्या फोटोत लेकराच्या डोळ्याची बाहुली पांढरी दिसत असेल, आणि पुन्हा पुन्हा तशीच दिसत असेल, तर थांबू नका. लहान मुलांच्या डोळ्यातल्या कर्करोगाची ती खूण असू शकते. लवकर कळले तर लेकरू वाचते, बऱ्याचदा डोळाही वाचतो. घरी टॉर्च मारून तपासत बसू नका. तो फोटो घेऊन सरकारी दवाखान्यातल्या नेत्र विभागात जा.

मिरवणुकीतला लेझर ही वेगळीच गोष्ट आहे. तो डोळ्याचा पडदा क्षणात भाजू शकतो. डोक्यावरून लेझर फिरत असेल तिथून लेकरांना बाजूला न्या.

साप आणि रात्रीची वाट

वर्षावासात संध्याकाळी विहारात ग्रंथवाचन असते. घरी परतायला रात्र होते, आणि सापांचे दिवसही हेच. आपल्याकडे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार मुख्य विषारी साप. मण्यार रात्री फिरतो, घरात शिरतो आणि जमिनीवर झोपलेल्याला चावतो. तो चावल्यावर फारसे दुखत नाही, सूजही येत नाही, व्रण नीट दिसतही नाही. नंतर पोटात दुखते, पापण्या जड होतात, बोलता येईना, गिळता येईना असे होते, आणि मग श्वास अडकतो.

म्हणून रात्री उठल्यावर पाय खाली टेकवण्याआधी टॉर्च लावून जमीन पाहा. चप्पल झटका. चालताना फोन कमरेच्या उंचीवर धरा आणि उजेड दोन पावले पुढे पडू द्या. संडासला बाहेर जावे लागत असेल तर दोघी मिळून जा, एकीने उजेड धरावा. लाकडाच्या ढिगात, विटांच्या फटीत हात घालण्याआधी उजेड टाका. वाटेत तुटलेली तार दिसली तर लांबूनच मागे फिरा, आणि १९१२ वर महावितरणला कळवा.

साप चावलाच तर टॉर्च घेऊन साप शोधू नका. चावलेला हात किंवा पाय हलू देऊ नका, दोरी आवळू नका, ब्लेड मारू नका. १०८ ला फोन करा आणि थेट सरकारी दवाखाना गाठा. या चारही सापांच्या विषावर एकच लस चालते आणि ती सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. मांत्रिकाकडे गेलेला वेळ परत मिळत नाही.

फोन तापला तर

टॉर्च बराच वेळ चालला की फोन गरम होतो. त्यावर कापड, उशी, गोधडी ठेवू नका, आणि चालू टॉर्च अंथरुणात ठेवून झोपू नका. उजेड मंद हवा म्हणून दिव्यावर कागद किंवा चिकटपट्टी लावू नका. फोन भिंतीकडे वळवला तरी उजेड मंद होतो. चार्जिंगला लावलेल्या फोनचा टॉर्च वापरणे टाळा. पाठ फुगलेला फोन वापरूच नका.

दोन्ही हात मोकळे हवेत म्हणून काही जण फोन दातात धरतात. तसे करू नका. फ्यूज बसवायचा तर आधी मेन स्विच बंद करा, आणि उजेड दुसऱ्याने धरावा. गॅसचा वास आला तर काडी, बटण आणि फोनचा टॉर्च, काहीच लावायचे नाही. रेग्युलेटर बंद करा, दारे-खिडक्या उघडा, बाहेर पडा आणि बाहेरून १९०६ ला फोन करा.

बॅटरी राखून ठेवा

किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झाला. माणसे अंधारात, झोपेत दगडमातीच्या भिंतींखाली सापडली. २०२४ मध्येही हिंगोली-नांदेड भागात हादरे बसले. अशा वेळी उजेड आणि फोन दोन्ही लागतात, आणि दोन्ही एकाच बॅटरीवर चालतात. टॉर्च रात्रभर जळला तर पहाटे १०८ ला फोन कशावरून करणार? म्हणून काम झाले की टॉर्च बंद करा. ढग दाटून आले की फोन चार्ज करून घ्या. निजताना फोन आणि चप्पल हाताशी ठेवा. जमले तर बटणांचा साधा टॉर्चवाला फोन घरात असू द्या. २००३ मध्ये आलेल्या नोकिया ११०० ला टॉर्च होता, म्हणून तो खेड्यापाड्यांत खूप चालला. तशा फोनची बॅटरी आजही बरेच दिवस टिकते.

शेवटी एक सांगायचे आहे. फोनचा टॉर्च घरात लाईट गेल्यावर कामाचा आहे, पण गल्लीतल्या बंद खांबाला तो उत्तर नाही. रस्त्यावर दिवा लावणे हे महापालिकेचे आणि ग्रामपंचायतीचे काम आहे. खांबाचा नंबर लिहून वस्तीतल्या बायांच्या सह्यांचा अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. पंधरा दिवसांत दिवा लागला नाही तर पोच दाखवून पुन्हा जा, आणि जाताना दहाजणी मिळून जा.