जुनी मोटार आणि शर्यतीचा ट्रॅक



दहा-पंधरा वर्षें इमानेंइतबारें सेवा केलेली एखादी लहान मोटार आज पुष्कळ घरांच्या दारांत उभी असते. घरांत नवी गाडी आली कीं जुनीचें काय करावयाचें, हा प्रश्न निघतो. विकावयास काढावी तर येणारी किंमत ऐकून वाईट वाटतें. मोडीत घालावी तर मन घेत नाहीं. अशा वेळीं घरांतील तरुण मुलाच्या मनांत एक तिसराच विचार येतो. हिलाच शर्यतीच्या ट्रॅकवर पळविली तर? हा विचार वेडगळ नाहीं. मात्र तो थोड्या पैशांत आणि हातपाय शाबूत ठेवून तडीस न्यावयाचा असेल, तर पैसा कोणत्या क्रमानें खर्च करावा हें आधीं समजलें पाहिजे. आज तेवढेंच सांगण्याचा माझा विचार आहे.

प्रथम एक खुलासा करतों. ट्रॅकवर जाणें म्हणजे शर्यत जिंकावयास जाणें नव्हे. शर्यतींत भाग घ्यावयाचा तर भारतीय मोटार स्पर्धा महासंघाचा परवाना लागतो. परंतु सरावासाठीं ट्रॅक खुला ठेवतात, त्या दिवशीं सामान्य हौशी माणसासहि नियम पाळून आपली गाडी वेगानें चालवितां येते. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई येथें १९९० पासून सुमारें ३.७ किलोमीटर लांबीचा ट्रॅक आहे. त्यापूर्वी तिकडील शर्यती शोलावरमच्या जुन्या विमानपट्टीवर होत. कोइमतूरजवळ करी मोटार स्पीडवे आहे आणि दिल्लीजवळचा बुद्ध ट्रॅक २०११ सालीं सुरू झाला. येथें समोरून येणारी वाहनें नाहींत, रस्त्याकडेला झाड नाहीं, खांब नाहीं, गुरेंढोरें नाहींत, शाळेंतून सुटलेलीं मुलें नाहींत. वेगाची हौस फेडावयास याहून योग्य जागा नाहीं.

जुन्या घरगुती गाडीची शर्यतीची गाडी करण्याची रीतहि नवी नाहीं. इंग्लंडमध्यें १९२२ सालीं ऑस्टिन सेव्हन नांवाची चिमुकली, स्वस्त गाडी निघाली. पुढें तिच्या जुन्या गाड्या थोडक्या पैशांत मिळूं लागल्या, तेव्हां हौशी लोकांनीं त्या स्पर्धांसाठीं बदलावयास घेतल्या. १९३९ सालीं तेथें ७५० मोटार क्लब स्थापन झाला, तो याच मंडळींचा. कॉलिन चॅपमन या तरुणानें १९४८ सालीं जुन्या ऑस्टिन सेव्हनवरूनच स्पर्धेची आपली पहिली गाडी बांधली, आणि जगप्रसिद्ध लोटस गाड्यांच्या मालिकेंतली ती पहिली ठरली. न्यूझीलंडच्या ब्रूस मॅक्लारेननेंहि आरंभ केला तो ऑस्टिन सेव्हनवरच.

अमेरिकेंत २००६ सालीं एक विनोदी शर्यत निघाली. फ्रान्समधील ल मान्स येथें चोवीस तासांची प्रख्यात शर्यत होते, तिच्या नांवाची थट्टा करून हिचें नांव ‘चोवीस तासांची लेमन्स’ असें ठेवलें. कारण अमेरिकन बोलींत रड्या गाडीला लेमन, म्हणजे लिंबू, म्हणतात. तिचा मूळ नियम असा कीं, गाडीवर एकंदर पांचशें डॉलरांहून अधिक पैसा घालावयाचा नाहीं. परंतु याच नियमांत पुढें असें म्हटलें आहे कीं, सुरक्षिततेचें सामान, ब्रेक, चाकें आणि टायर यांवरील खर्च त्या पांचशेंत धरावयाचा नाहीं. जी शर्यत सर्व गोष्टींची चेष्टा करते, तिनेंहि एवढी गोष्ट चेष्टेवारी नेली नाहीं. काटकसर कोठें करावी आणि कोठें करूं नये याचा सगळा धडा या एका कलमांत आहे.

आपल्याकडील एक उदाहरण घेऊं. मारुती एस्टीम ही गाडी १९९४ सालीं बाजारांत आली. तिचें इंजिन १,२९८ घनसेंटिमीटरचें, ॲल्युमिनियमचें आणि वजन टनाहूनहि कमी. दक्षिणेंतल्या ट्रॅकांवर ही घरगुती गाडी वर्षानुवर्षें शर्यतींत धावली. तिचें मर्म हलकेपणांत आहे. हलकी गाडी लवकर थांबते, वळणावर टायरांना कमी ताण देते, ब्रेक कमी तापविते आणि पेट्रोलहि कमी पिते. म्हणून निवड करावयाची असेल तर जुन्या मोठ्या व दिमाखदार गाडीपेक्षां जुनी हलकी गाडी पसंत करावी. मात्र तिचा सांगाडा गंजलेला नसावा, कारण इंजिन बदलतां येतें, पण कुजलेल्या पत्र्याला औषध नाहीं.

आतां रस्ता आणि ट्रॅक यांतला फरक पाहूं. रस्त्यावर गाडीला पदोपदीं विसांवा मिळतो. ट्रॅकवर तो मिळत नाहीं. वेग घ्यावा, ब्रेक दाबावा, वळावें, पुन्हां वेग घ्यावा, असें वीस वीस मिनिटें अखंड चालतें. या सर्व व्यापारांतून एकच गोष्ट निष्पन्न होते, ती म्हणजे उष्णता. थोडा हिशेब करूं. चालकासह एक टन वजनाची गाडी ताशीं १२० किलोमीटरांवरून ६० वर आणली, तर तिच्या गतींतली सुमारें ४१७ किलोज्यूल शक्ति ब्रेकांना पचवावी लागते. वीस अंशांवरचें एक लिटर पाणी उकळीस आणावयाला सुमारें ३३५ किलोज्यूल लागतात. म्हणजे ब्रेक एकदां जोरानें दाबला कीं सव्वा लिटर पाण्याला उकळी येईल एवढी उष्णता चार चाकांत, आणि त्यांतहि मुख्यतः पुढच्या दोन चाकांत, उत्पन्न होते. एका फेरींत असें चार-पांच वेळां घडतें.

म्हणून पहिला पैसा ब्रेकांवर खर्च करावा. गॅरेजांत ज्याला ब्रेक ऑइल म्हणतात, तो द्रव हवेंतलें पाणी शोषून घेतो. डॉट ३ जातीचा ताजा द्रव किमान २०५ अंशांपर्यंत उकळतां कामा नये, असें प्रमाण आहे. पण त्यांत शेकडा पावणेचार भागांच्या सुमारास पाणी मुरलें कीं हेंच प्रमाण १४० अंशांवर येतें. डॉट ४ मध्यें हे आंकडे २३० आणि १५५ असे आहेत. द्रव उकळला कीं नळींत वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाहीं, वाफ मात्र दाबली जाते. त्यामुळें पेडल मऊ पडून तळाला टेकतें आणि गाडी थांबत नाहीं. ही आपत्ति टाळावयाला नवें डॉट ४ ब्रेक ऑइल भरून नळ्यांतील सर्व हवा काढणें एवढा स्वस्त उपाय आहे. त्याच्या जोडीला अधिक उष्णता सोसणारे पॅड, शाबूत डिस्क आणि नवे रबरी होस घालावे. डॉट ५ हा सिलिकोनचा निराळा द्रव आहे. आंकडा मोठा म्हणून तो यांत मिसळूं नये.

दुसरा पैसा टायरांचा. ब्रेक चाकाला थांबवितात, गाडीला थांबवितो तो टायर. नक्षी खोल दिसली म्हणून टायर चांगला असें समजूं नये, कारण रबर वयानें कठीण होतें. टायरच्या कडेवर चार आंकडे असतात. ‘३२१८’ म्हणजे २०१८ सालचा बत्तिसावा आठवडा. त्यावरून वय कळतें. आरंभीं साधे पण ताजे टायर पुरेत. टायर तापले कीं आंतल्या हवेचा दाब वाढतो, म्हणून प्रत्येक खेपेनंतर तो मोजावा आणि जास्त झालेली हवा सोडावी. चाकांचें अलाइनमेंट नीट करून घ्यावें, आणि नट ठरल्या जोरानें आवळलेले आहेत ना, हें गाडी बाहेर काढण्यापूर्वी प्रत्येक वेळीं पाहावें.

तिसरा पैसा पाणी आणि तेल यांचा. जुन्या गाडीच्या रेडिएटरांत वर्षानुवर्षांचा गाळ सांठलेला असतो. तो साफ करावा किंवा रेडिएटर बदलावा. होस, पंखा, थर्मोस्टॅट आणि टायमिंग बेल्ट पाहून घ्यावा. इंजिन ऑइलची गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. लांब वळणावर इंजिनच्या खालच्या भांड्यांतलें तेल एका बाजूस लोटलें जातें आणि तें ओढून घेणाऱ्या पंपाच्या तोंडाशीं क्षणभर कांहींच उरत नाहीं. तेवढ्या क्षणांत बेअरिंग खराब होऊं शकतात. म्हणून तेल ताजें असावें, त्याची पातळी वरच्या खुणेशीं असावी आणि ती दर खेपेस तपासावी. बेदरकारपणें पळवून परत आलेली गाडी तशीच बंद करूं नये. शेवटची फेरी सावकाश घ्यावी, म्हणजे साचलेली उष्णता निघून जाते.

चौथा पैसा चालकाचा. चांगलें हेल्मेट, अंगाला घट्ट धरणारी सीट आणि शाबूत पट्टा, या तीन वस्तूंत घासाघीस करूं नये. सीट पक्की असली कीं हात केवळ स्टिअरिंगसाठीं मोकळे राहतात, आणि गाडी काय सांगत आहे तें पाठीला कळतें. कित्येकांना पोलादी नळ्यांचा पिंजरा बसविण्याची घाई असते. पिंजरा हें शर्यतीच्या गाडीचें कवच खरें. परंतु हेल्मेटावांचून नित्याच्या रस्त्यावर तीच गाडी चालविली, तर लहानशा धक्क्यानेंहि डोकें त्या नळीवर आदळतें. कवचाचाच घाव व्हावा, अशी ती स्थिति होते.

वजन कमी करण्याला तर पैसाच लागत नाहीं. स्टेपनी, जॅक, चटया, डिकींतलें सामान, सगळें उतरवून ठेवावें. सुटी वस्तु गाडींत राहूं देणें तसेंहि धोक्याचें आहे.

आणि इंजिनचा जोर? पहिलें वर्ष त्याला हात लावूं नये. मोठा सायलेन्सर लावल्यानें आवाज वाढतो, वेग वाढतोच असें नाहीं. वेग दुप्पट झाला तर थांबविण्याचें काम चौपट होतें. तेव्हां जोर वाढविणें म्हणजे ब्रेक, टायर आणि रेडिएटर यांच्यावर नवें कर्ज काढणें होय. शंभर रुपये असतील तर चाळीस ब्रेक-टायरांवर, तीस चालकाच्या रक्षणावर, वीस पाणी-तेलावर खर्चावे आणि दहा घरीं परत येण्यासाठीं शिल्लक ठेवावे, असें माझें सांगणें आहे. गाडी बिघडली तर ती ट्रकवर घालून आणावी लागते, आणि हा खर्च बहुतेक जण विसरतात.

कायद्याचाहि विचार केला पाहिजे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें कलम ५२ असें आहे कीं, कारखान्यानें ठरविलेल्या तपशिलाशीं विसंगत असा बदल नोंदलेल्या वाहनांत करतां येत नाहीं. २०१९ सालीं सर्वोच्च न्यायालयानेंहि तें उचलून धरलें. शिवाय आपल्या नेहमींच्या विमापत्रांत शर्यत आणि वेगाची चाचणी या गोष्टी वगळलेल्या असतात. म्हणून ज्या गाडीनें सोमवारीं कचेरींत जावयाचें, तिच्यांत दुरुस्ती आणि निगा यांपलीकडे जाऊं नये. सीट काढून पिंजरा बसवावयाचा असेल, तर ती गाडी रस्त्यावरून निवृत्त झाली असें समजून ट्रॅकपर्यंत ट्रकवर न्यावी.

एवढा खटाटोप कशासाठीं, असें कोणी वडील मंडळी विचारतील. २०२२ सालीं भारतांतल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसें अपघातांत मेलीं, आणि सरकारी अहवालाप्रमाणें त्यांपैकीं शेकडा ७१ मृत्यु अतिवेगाच्या सदरांत मोडतात. तरुणाची वेगाची ओढ उपदेशानें जात नाहीं, हा सर्वांचा अनुभव आहे. तिला योग्य जागा दिली, तर तीच ओढ शिक्षण होऊं शकते. तेथें पिवळें निशाण दिसलें कीं वेग कमी करावा लागतो, लाल दिसलें कीं सराव थांबतो, आणि जो ऐकत नाहीं त्याला बाहेर काढतात. तापलेल्या ब्रेकचें पेडल पायाखालीं मऊ पडत जातें म्हणजे काय, थांबावयाला किती अंतर लागतें, ओल्या वळणावर टायर कोणत्या क्षणीं हात सोडतो, या गोष्टी ज्यानें मोकळ्या जागीं एकदां स्वतः जाणल्या, तो गांवच्या रस्त्यावर पुढच्या गाडीपासून चार हात दूर राहतो. दारांतल्या जुन्या मोटारीनें घरच्या मुलाला एवढें शिकविलें, तर तिची किंमत भंगारवाल्याच्या हिशेबांत बसणारी नाहीं.