डोस थकला तरी दंड नाही

सख्यांनो, दसरा-दिवाळी जवळ आली की पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडच्या आपल्या बैठकांची हजेरी कमी व्हायला लागते. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, गाडी कधी येईल याचा नेम नसतो. कोणी बचत आगाऊ भरून जाते, कोणी आल्यावर भरते म्हणून सांगते. गटाचा हिशोब आपण नीट लावून ठेवतो. बाळाच्या डोसांचा हिशोब मात्र तसाच राहतो. मग मार्च-एप्रिलमध्ये परत आल्यावर कार्ड काढलं की दिसतं, नऊ महिन्यांचा रकाना कोराच आहे.

बैठकांमध्ये मी हा विषय काढते तेव्हा 'आम्ही लस देणारच नाही' असं ठासून सांगणारी बाई क्वचित भेटते. 'द्यायचीय हो ताई, पण...' म्हणणाऱ्या पुष्कळ. हा 'पण' आपण नीट ऐकूनच घेत नाही. नुसतं 'लस द्या, लस द्या' म्हणत राहतो. म्हणून या वेळी त्या 'पण'बद्दलच लिहिते.

सगळ्यात जास्त ऐकू येणारा 'पण' म्हणजे ताप. दीड महिन्याचा डोस दिला, रात्रभर पोर रडलं, मांडी सुजली, दुसऱ्या दिवशी खाडा पडला. अशी आई अडीच महिन्याच्या डोसाला मागेपुढे बघणारच. तिला अडाणी म्हणू नका. तिचं नुकसान खरं आहे, एका दिवसाची मजुरी गेलीय.

पण तो ताप का येतो ते समजून घेऊ. मांडीत देतात ती पेंटा लस. त्या एका सुईत पाच आजारांपासून संरक्षण असतं: घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, ब प्रकारची कावीळ आणि हिब. हिबचा जंतू लहान मुलांमध्ये न्यूमोनिया आणि मेंदूज्वर करतो. लस टोचली की बाळाचं शरीर या जंतूंना ओळखायला शिकतं आणि त्या कामात अंग तापतं. असा ताप बहुतेक वेळा एक-दोन दिवसांत उतरतो. सिस्टरने दिलेलं पॅरासिटामॉल तिने सांगितलेल्या मापाने द्यायचं, अंगावर पाजत राहायचं, टोचलेल्या जागी हळद, तेल, चुना काही लावायचं नाही आणि चोळायचं तर अजिबात नाही. ताप दोन दिवसांत उतरला नाही, बाळ तीन तासांपेक्षा जास्त एकसारखं रडत राहिलं, झटके आले किंवा अंगावर पिणं सोडलं, तर मात्र वाट न बघता दवाखाना गाठायचा.

जन्मल्यावर दंडावर देतात त्या बीसीजीचं वेगळं आहे. दोन-चार आठवड्यांनी तिथे फोड येतो, फुटतो आणि खूण ठेवून बरा होतो. तो पिकला म्हणून घाबरू नका, लसीचं काम तसंच चालतं. एमआर म्हणजे गोवर-रुबेलाच्या लसीनंतरचा ताप किंवा बारीक पुरळ लगेच येत नाही, आठ-दहा दिवसांनी येऊ शकतं. आई म्हणते, 'लस देऊनसुद्धा गोवर आला.' तो गोवर नसतो, एक-दोन दिवसांत आपोआप जातो. जोरदार ॲलर्जी फार क्वचित, दहा लाखांत एखाद्याला होते. आली तर बहुधा टोचल्यावर थोड्याच वेळात येते, म्हणून सिस्टर अर्धा तास बसवून ठेवते. घाई असली तरी तो अर्धा तास बसा.

दुसरा 'पण' सासूबाईंचा. 'आमची पोरं काय लसीवाचून वाढली नाहीत?' आपल्या गटांत सासवाही आहेत, त्यामुळे हे जपूनच लिहिते. पण सासूबाई, तुमच्या दंडावर किंवा हातावर देवी टोचल्याची गोल खूण असेल, ती एकदा सुनेला दाखवा. ती लसच होती. देवीच्या रोगाने तोंडावर वण पडायचे, डोळे जायचे, माणसं मरायची. भारतात या लसीची पहिली सुई १८०२ साली मुंबईत तीन वर्षांच्या एका मुलीला टोचली. पुढे पावणेदोनशे वर्षं लोक टोचून घेत राहिले तेव्हा १९७७ मध्ये देश देवीमुक्त जाहीर झाला. आज तुमच्या नातवाच्या दंडावर ती खूण नाही, कारण आता तिची गरजच उरलेली नाही. पोलिओचंही तसंच. नैसर्गिक पोलिओ विषाणूचा भारतातला शेवटचा रोगी जानेवारी २०११ मध्ये सापडला, त्यानंतर तसा एकही नाही.

आणि 'आमची वाढली' म्हणताना आपण जी वाढली तीच मोजतो. जुन्या बायांना 'किती झाली' आणि 'किती राहिली' हे दोन प्रश्न वेगवेगळे विचारून बघा. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली काम सुरू केलं. त्या भागात तेव्हा जन्मलेल्या हजार बाळांतली पावणेदोनशेच्या आसपास वर्षाच्या आतच दगावत होती. आरोळेंनी आधी बाहेरून शिकलेल्या नर्स गावात पाठवून पाहिल्या, पण गावाचं आणि त्यांचं जमेना. मग गावानेच आपल्यातली एक बाई निवडायची असं ठरलं. त्यातल्या कितीतरी जणींना लिहिता-वाचता येत नव्हतं, कितीतरी दलित वस्तीतल्या होत्या. त्या जामखेडला येऊन शिकायच्या आणि गावात परत जाऊन शेजारणीला सांगायच्या. लसीकरण वाढलं, स्वच्छ पाणी आणि पोषण सुधारलं, बाळंतपणं नीट व्हायला लागली आणि बाळांचे मृत्यू कितीतरी कमी झाले. हे काम बघायला आजही देशोदेशीचे लोक आपल्या जिल्ह्यात येतात. मला यातलं एवढंच सांगायचंय की डॉक्टरच्या भाषणापेक्षा शेजारीण 'माझ्या पोराला दिली, असं असं झालं, दोन दिवसांत खेळायला लागलं' म्हणाली की ते पटतं. गटाच्या बैठकीत हे बोलायला काही पैसे लागत नाहीत.

आता गोवराकडे येते, कारण सीझनमध्ये चुकतो तो बहुतेक हाच डोस. गोवर आला की आपल्याकडे अजूनही लिंबाचा पाला ठेवतात, अंघोळ बंद करतात आणि 'देवीचं आहे, औषध नको' म्हणतात. पाला ठेवायचा तर ठेवा, पण दवाखान्यात न्या. हा आजार खोकल्यातून, शिंकेतून पसरतो आणि रोगी उठून गेल्यावरही दोन तासांपर्यंत त्याचे विषाणू तिथल्या हवेत राहू शकतात. लस न घेतलेल्या वस्तीत एका मुलापासून बारा ते अठरा जणांना होऊ शकतो. कोप्यांच्या तळावर कशी दाटी असते ते तुम्हाला माहीत आहे. पुरळ जातं, पण मागे न्यूमोनिया, जुलाब, कानाचं दुखणं राहतं, डोळे जाऊ शकतात, हजारात एखाद्या मुलाच्या मेंदूला सूज येते. कुपोषित मुलाला तर हा आजार फार जड जातो. 'पोर अशक्त आहे, अंगावर आलं की मग लस देऊ' हा विचार म्हणूनच उलटा आहे. अशक्त पोराला ती आधी हवी. साधी सर्दी, खोकला, थोडे जुलाब असले तरी लस देता येते.

२०२२ च्या शेवटी मुंबईत गोवंडीला, तसंच भिवंडी आणि मालेगावला गोवराची साथ आली आणि मुलं दगावली. आजारी पडलेल्यांत लस न घेतलेली मुलं खूप होती. तेव्हा सरकारला डिसेंबर-जानेवारीत खास मोहीम काढून राहिलेल्या मुलांना डोस द्यावे लागले.

एमआरचे डोस दोन असतात. पहिला नऊ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान. 'एक दिला ना, झालं की' असं खूप जणी म्हणतात. नऊ महिन्यांच्या डोसाने शंभरातल्या साधारण पंच्याऐंशी मुलांना संरक्षण मिळतं. उरलेल्यांतली बहुतेक दुसऱ्या डोसात येतात. आपलं मूल पहिल्या पंच्याऐंशीत आहे की उरलेल्यांत, हे वरून बघून कळत नाही.

विश्वासाचाही 'पण' असतो आणि तो झाकून ठेवण्यात अर्थ नाही. ३१ जानेवारी २०२१ ला यवतमाळ जिल्ह्यात बारा मुलांना पोलिओऐवजी हात धुवायचं सॅनिटायझर पाजलं गेलं. मुलं दवाखान्यात ठेवावी लागली, सुदैवाने बरी झाली. ही गोष्ट मोबाईलवर फिरली आणि आया घाबरल्या. घाबरणारच. पण त्यावर उपाय डोस टाळणं नाही, डोळे उघडे ठेवून डोस घेणं आहे. आपल्याला बघता येतील अशा गोष्टी आहेत. लस बर्फाच्या पेटीतूनच निघाली पाहिजे. सुई नवी, पाकीट आपल्यासमोर फोडलेलं हवं. पोलिओच्या बाटलीवर एक गोल आणि त्याच्या आत चौकोन असतो. चौकोन गोलापेक्षा फिका असेल तर लस चांगली. दोन्हींचा रंग सारखा झाला किंवा चौकोन जास्त गडद झाला, तर ती उष्णतेने खराब झालेली, वापरायची नाही. बीसीजी आणि एमआरची बाटली एकदा कालवली की चार तासांतच संपवावी लागते, म्हणून सिस्टर बाटलीवर वेळ लिहिते. 'बाटली दाखवा' म्हणायला लाजू नका. चांगली सिस्टर रागावत नाही, उलट दाखवते.

राहिला शेवटचा 'पण'. माझ्या मते सगळ्यात जास्त डोस यानेच बुडतात. 'तारीख निघून गेली, आता गेले तर सगळ्यांसमोर बोलणी बसतील.' मग आई जातच नाही, पुढचेही डोस राहतात. रागावून कार्ड भरत नाही, हे आरोग्य खात्यातल्या ताईंनाही मी सांगत असते. आपल्या गटात हप्ता थकला की दंड बसतो. डोस थकला तर दंड नाही, पहिल्यापासून सुरुवातही करावी लागत नाही. जिथे थांबलं तिथून पुढे देतात. पेंटाचा एक डोस झालाय आणि मूल वर्षाचं झालं, तरी उरलेले दोन मिळतात. एमआर पाच वर्षांपर्यंत मिळते. पोलिओचे थेंबही पाच वर्षांपर्यंत. पण बीसीजी, रोटा आणि पेंटाचा पहिला डोस वर्षाच्या आत व्हावा लागतो, तिथे ढिलाई नको. वर्षापर्यंत पेंटा सुरूच झाली नसेल तर पुढे त्रिगुणी देतात, म्हणून तेव्हाही घरी बसू नका.

तर सप्टेंबर-ऑक्टोबरच्या बैठकीत कर्जवाटपाच्या आधी दहा मिनिटं काढा आणि पाच वर्षांच्या आतलं मूल असलेल्या प्रत्येकीने माता-बाल संरक्षण कार्ड आणायचं ठरवा. जिला वाचता येतं तिने बाकीच्यांचे रकाने बघावेत. जायच्या आधी जो डोस बसतो तो गावातच घ्या. जो मधे येतो त्याची तारीख कार्डावर आशाताईकडून लिहून घ्या. कार्डाचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा आणि नवऱ्याच्या मोबाईलमध्येही टाका. लस देशात कुठल्याही सरकारी केंद्रात फुकट मिळते. कोल्हापूर, सांगली, कर्नाटक, जिथे कारखाना असेल तिथल्या आशाला किंवा अंगणवाडीताईला विचारा. आता यू-विन या सरकारी पोर्टलवर नोंद होते, ती दुसऱ्या गावातही मोबाईल नंबरवरून दिसते. फक्त नंबर बदलू नका.

राहुरी, नेवासा, संगमनेर, कोपरगावकडच्या सख्यांनो, तुमच्या शिवारात याच दिवसांत दुसऱ्या जिल्ह्यांतल्या कोप्या पडतात. त्यांच्यात तान्हं मूल दिसलं तर आपल्या आशाताईला कळवा. त्या बाईला गावचा लसीचा वार कोण सांगणार?

कार्ड हरवलं असेल तरी जा. गावच्या सिस्टरच्या रजिस्टरमध्ये नोंद असते, ती नवीन कार्ड करून देते. नोंदही सापडली नाही तर डोस पुन्हा देतात. एखादा डोस जास्तीचा झाला म्हणून बाळाला अपाय होत नाही.