भट्टी उतरू द्या

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात आमच्या गल्लीतल्या बेकरीसमोर डब्यांची रांग लागायची. मैदा, बेसन, रवा, पिठीसाखर, तूप असं सगळं सामान बायका घरून आणायच्या. कुणी घरीच गोळे वळून, वर चारोळी दाबून आणायचं. ट्रेच्या कोपऱ्यातल्या गोळ्यात नावाची चिठ्ठी खोचलेली असे. भट्टीतून बाहेर येईपर्यंत तीही तपकिरी होऊन जाई. माझी आत्या सकाळी आठलाच हजर व्हायची आणि दरवर्षी तेच ऐकायची, ‘‘ताई, आत्ता नाही. पाव निघू द्या, भट्टी उतरू द्या, मग लावतो.’’ ओळखीपाळखीच्यांचे ट्रे आधी जातात आणि आपल्याला ताटकळत ठेवतात, अशी आत्याची पक्की खात्री होती.

बेकरीवाले चाचा तिला टाळत नव्हते, हे मला गेल्या दिवाळीत कळलं. नवा ओव्हन घेतला होता, त्या जोशात मी एक किलो पिठाची नानकटाई घरीच करायला घेतली. पीठ एक किलो, तूप आणि पिठीसाखर सहा-सहाशे ग्रॅम, म्हणजे सव्वादोन किलोच्या आसपास गोळा. एकेक नानकटाई १८ ग्रॅमची धरली तर १२० नग होतात. ट्रेवर मावतात बारा, म्हणजे दहा घाणे. पहिले दोन घाणे फोटो काढण्यासारखे निघाले. तिसऱ्यात मात्र सगळ्या नानकटाया पसरून सपाट झाल्या, कडांना जाळी पडली आणि त्या एकमेकींना चिकटल्या. पीठ तेच होतं आणि हातही तेच.

आपल्याकडे ‘मोहन’ हा शब्द आहे आणि नानकटाईचं निम्मं विज्ञान त्यातच आलं. गव्हाच्या पिठात ग्लुटेनिन आणि ग्लायाडिन ही दोन प्रथिनं असतात. पाणी मिळालं आणि मळलं की ती एकमेकांत गुंतून ग्लुटेनची लवचीक जाळी तयार करतात. पोळी लाटता येते आणि पाव फुगतो, तो या जाळीच्या जोरावर. शंकरपाळ्यात मात्र ती फार झाली तर दाताखाली वातड लागते. म्हणून पाणी किंवा दूध घालण्याआधी पिठाला कडकडीत मोहन चोळायचं, मूठ वळेपर्यंत. पिठाच्या कणांवर तुपाचा लेप बसला की पाण्याला आत शिरायला वाव कमी मिळतो. नानकटाई म्हणजे मोहनाचा अतिरेक. पिठाच्या निम्म्याहून जास्त तूप आणि वरून पाण्याचा थेंब नाही. लोण्यात १६ टक्क्यांपर्यंत पाणी असू शकतं, कढवलेल्या तुपात ते जवळजवळ नसतंच. जाळी बांधलीच जात नाही, म्हणून नानकटाई मोडत नाही, तोंडात ढासळते. मराठीत कुरकुरीत आणि खुसखुशीत हे वेगळे शब्द आहेत, तो फरक इथे चाखायला मिळतो.

दुसरी गोष्ट फेसण्याची. आत्या थिजलेलं तूप परातीत घेऊन तळहाताने गोल गोल घासायची. पिवळसर रवाळ तूप हळूहळू पांढरं आणि हलकं होई. हा पांढरेपणा हवेचा, लाखो बारीक बुडबुडे प्रकाश विखुरतात त्याचा. सोडा नानकटाई फुगवतो असं आपण म्हणतो, पण सोड्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड नवे बुडबुडे फारसे तयार करत नाही, असलेल्यांतच शिरून त्यांना मोठं करतो. घासायचा कंटाळा केला, तर चमचाभर जास्त सोड्याने त्याची भरपाई होत नाही, उलट साबणासारखी चव येते. बेकरीवाले बिस्किटांत अमोनिया म्हणून जी पांढरी पूड घालतात, ती अमोनियम बायकार्बोनेट. तापली की तिचा अमोनिया, कार्बन डायऑक्साइड आणि वाफ होते, मागे काही उरत नाही. भट्टीचं दार उघडताच नाकाला झोंबणारा वास तिचाच. छोट्या कोरड्या बिस्किटातून तो उडून जातो. ओलसर केकमध्ये अडकून बसतो, म्हणून केकमध्ये ती घालत नाहीत.

आता तिसरा घाणा. ओव्हनमध्ये गेलेल्या गोळ्यात एक शर्यत सुरू होते. पस्तिसेक अंश सेल्सियसपर्यंत तूप जवळजवळ सगळं वितळतं आणि गोळा बसायला लागतो. दुसरीकडे कडा सुकू लागतात, प्रथिनं घट्ट होतात आणि आकार पक्का व्हायला लागतो. कडा आधी पक्क्या झाल्या तर गोळा घुमटासारखा राहतो. वरचा थर सुकला तरी आतला वायू फुगतच असतो, तेव्हा वर त्या ओळखीच्या भेगा पडतात. माझे तिसऱ्या घाण्याचे गोळे पाऊण तास ओव्हनशेजारी वाट बघत बसले होते. वर मी ते दुसऱ्या घाण्याच्या गरम ट्रेवर मांडले. शर्यत सुरू व्हायच्या आधीच तूप धावत सुटलं होतं.

बेकरीत शेकडो नानकटाया एकसारख्या निघतात, कारण तिथली उष्णता विटांत असते. लाकूड पेटवून विटा तापवायच्या, निखारे बाजूला सारायचे आणि त्या साठवलेल्या उष्णतेवर आधी पाव भाजायचा. माझ्या ३० लिटरच्या ओव्हनमध्ये १८० अंशांवर किती हवा असते, याचा हिशेब केला. जेमतेम २५ ग्रॅम! दार उघडलं की तिच्यातली बरीचशी बाहेर. बाकी भिस्त पातळ पत्र्यावर आणि मधूनच लाल होणाऱ्या, मधूनच विझणाऱ्या सळ्यांवर. टनावारी विटांना दार उघडल्या-मिटल्याचं सोयरसुतक नसतं. त्या चहूबाजूंनी सारखा शेक देत राहतात.

पाव निघाल्यावर विटा हळूहळू निवत जातात. चाचांचं ‘भट्टी उतरू द्या’ म्हणजे हेच. पावाला लागणाऱ्या आचेत नानकटाई बाहेरून करपेल आणि आत ओली राहील. उतरत्या भट्टीत सुरुवातीला कडा धरण्यापुरता शेक मिळतो, पुढे मंद आचेवर आतला ओलावा निघून जातो आणि रंग बदामीच्या पुढे जात नाही. हा रंग आणि खमंगपणा मुख्यतः प्रथिनं आणि काही शर्करा यांच्यातल्या अभिक्रियेचा. फ्रेंच शास्त्रज्ञ लुई-कामिय माइयार यांनी १९१२ मध्ये तिचं वर्णन केलं. साधी साखर या अभिक्रियेत थेट भाग घेत नाही, म्हणून नुसत्या मैद्याची नानकटाई फिकट राहते. बेसनातली प्रथिनं आणि सोड्याचा अल्कधर्मी गुण तिला वेग देतात.

जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावरच्या भट्ट्या सहा महिन्यांत स्वच्छ इंधनावर नेण्याचा आदेश दिला, तेव्हा चव गेली म्हणून बरेच जण हळहळले. पावाचं मी सांगत नाही. पण नानकटाई भट्टीत जाते तेव्हा आग केव्हाच ओसरलेली असते, धुराशी तिची भेट जेमतेम. विटा शाबूत राहिल्या तर त्या गॅसवर तापल्या म्हणून तिचं फारसं बिघडू नये, असं मला वाटतं.

चौथ्या घाण्यापासून मी ट्रे नळाखाली गार करून घेतला, उरलेले गोळे फ्रिजमध्ये ठेवले आणि तापमान दहा अंशांनी वाढवलं. पुढचे सगळे घाणे बरे निघाले. ताज्या नानकटाया मऊ लागतात. निवताना तूप थिजलं आणि साखर घट्ट झाली की त्या सावरतात. म्हणून पूर्ण गार होऊ दिल्या, मग डबे भरले आणि शेजारीपाजारी वाटले. तिसऱ्या घाण्याचा डबा घरच्यांसाठी बाजूला ठेवला होता, तो गडबडीत वरच्या मजल्यावरच्या काकूंकडे गेला. दुसऱ्या दिवशी जिन्यात त्यांनी मला थांबवलं. ‘‘ती पातळ, कुरकुरीत बिस्किटं कशी गं केलीस? आमच्या नातवाने एकही ठेवलं नाही.’’